जुनी एंटरप्राइज घेतली आहे, पाण्यात उतरवण्याआधी काय काय बघावं?

वाडीतला_वारा

नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, पण आजोळ अलिबागजवळच्या थळचं. शिडाची होडी चालवायला मुंबईच्या एका क्लबात शिकलो, तिथे लेझर आणि एंटरप्राइज या दोन्ही जातींच्या छोट्या होड्यांवर हात बसला. आता ओळखीतून एक जुनी एंटरप्राइज मिळाली आहे. सव्वातेरा फुटी, प्लायवूडची, निळी शिडं, रंग जागोजागी उडालेला. सध्या मामाच्या वाडीत ताडपत्रीखाली पडून आहे.

बेत असा, की श्रावणात डागडुजी उरकायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी उतरवायची. रविवारी थळच्या किनाऱ्याला समांतर चक्कर, जमलं तर पुढेमागे समोरच्या खांदेरी बेटापर्यंत. बायको आणि नऊ वर्षांचा मुलगाही येणार म्हणतात. क्लबात सगळं तयार मिळायचं, आपण फक्त शीड चढवायचं. स्वतःच्या होडीत काय तपासायचं, कुठे ठेवायची, केव्हा उतरवायची, याची कल्पना नाही. जाणकारांनी हात मोकळा सोडून लिहावं.

तांडेलाचा_पोर

नारळ जरूर वाहा. होडी मात्र वाडीतच राहू द्या.

यांत्रिक मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, मग आमच्या होड्या निघतात. पण त्यांना इंजिन आहे, वजन आहे आणि सहा-आठ माणसं आहेत. श्रावणात लाट मोठीच असते, नैर्ऋत्येकडून सर आली की वारा एकदम दुप्पट होतो. आणि तुमचा किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून. म्हणजे वारा तुम्हाला सतत खडकांकडे ढकलणार. तेरा फुटी होडी उतरवतानाच फुटत्या लाटेत आडवी होईल.

दसऱ्यापर्यंत थांबा. त्यानंतरही ऑक्टोबरात दुपारनंतर पूर्वेकडे ढग चढले तर बाहेर पडू नका, परतीचा पाऊस गडगडाटासकट येतो आणि डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे. दिवाळीनंतर दर्या तुमच्यासारख्यांसाठी मोकळा होतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, अकरा-बाराला पडतो, मग दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो तो सूर्य मावळेपर्यंत. नवख्याने दुपारचाच वारा धरावा. मतलई वाऱ्यावर बाहेर जाणं सोपं, किनाऱ्याजवळ लाटही नसते, म्हणून माणूस फसतो. डिसेंबर-जानेवारीत तो कधीकधी जोर धरतो, तेव्हा परत यायला उलट्या वाऱ्यावर तासन्‌तास टॅक मारत, म्हणजे नागमोडी वळणं घेत, बसावं लागतं.

सिंधुसागर

दादांशी शंभर टक्के सहमत. आता हातात दोन-तीन महिने आहेत, ते होडी तपासण्यात घालवा.

प्लायवूडच्या होडीत कुजायला सुरुवात ठरलेल्या जागी होते: सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळ, ट्रान्समचे (मागच्या सपाट फळीचे) खालचे कोपरे, बगला आणि तळ जिथे जुळतात ती कड, आणि डोलकाठी जिथे टेकते ती जागा. बोथट पेचकस घ्या आणि तिथे तिथे दाबून बघा. टणक लागलं तर ठीक. मऊ लागलं, किंवा नाण्याने टकटक केल्यावर बद्द आवाज आला, तर रंग खरवडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रंगाचा फुगवटा म्हणजे आत पाणी शिरल्याची खूण.

दुसरी गोष्ट हवेच्या टाक्या. होडी उलटल्यावर तुम्हाला तरंगत ठेवणार त्याच. झाकणं घट्ट लावा, सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फासा, निचऱ्याच्या भोकात नळी घालून तोंडाने हलकेच हवा भरा. जिथे बुडबुडे दिसतील तिथे गळती. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, टाकीचे सांधे उकलतील.

हिशेबनीस

एवढं खरवडत बसण्यापेक्षा आमच्याकडे बोटींना फायबर मारणारे आहेत, त्यांच्याकडून बाहेरून सरसकट एक थर मारून घ्या ना. पाण्याच्या टाकीला मारतात तेच रेझिन, स्वस्तात होतं. शिवाय लाकडी होडी म्हणजे जन्माची कटकट, पुढे विकताना कोण घेणार?

मांडवीतीर

नका हो नका. टाकीला मारतात ते पॉलिएस्टर रेझिन. लाकडाला ते टिकाऊ चिकटत नाही. वर्ष-दोन वर्षांत कुठेतरी सुटतं, त्या फटीत पाणी जातं, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली प्लाय निवांत कुजत राहतं. वजन वाढतं ते वेगळंच. लाकडावर एपॉक्सीच. महाग आहे, पण लागेल तिथेच लावायचं आहे.

एक मात्र सांभाळा. एपॉक्सीचं काम जुलै-ऑगस्टात कोकणात करू नका. हवेत एवढा दमटपणा असताना त्यावर मेणचट थर येतो, त्यावर पुढचा हात धरत नाही. पाऊस गेल्यावर, चार कोरड्या दिवसांनंतर, सकाळी ऊन वर आल्यावर. तोवर फक्त खरवडणं आणि लाकूड सुकवणं. प्लाय बदलावा लागला तर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का बघूनच घ्या, आणि कापलेल्या तुकड्याची कड नीट बघा. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शिक्का असूनही परत करा.

आणि हिशेबनीस, लाकूड म्हणजे कटकट असं सरसकट नसतं. आमच्या गोव्यात दिवाडीच्या ॲक्वेरिअस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली तिच्या कायेत सीडारचं लाकूडच आहे, वरून फायबर आणि एपॉक्सी. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. लाकूड कोरडं ठेवलं की झालं.

हिशेबनीस

बरं. माघार. पण खर्चाचा आकडा घातल्याशिवाय कोणी बोलत नाही या विषयात, हे माझं निरीक्षण कायम आहे :)

सिंधुसागर

आकडा दर महिन्याला बदलतो, म्हणून बोलत नाही. कुठे कंजुषी करायची आणि कुठे नाही एवढं सांगू शकतो. रंगात करा. वल्ह्यात करा. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा आणि त्यांची टोकं यात अजिबात नको.

तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तिथे तारेचा एक पदर तुटला आहे, ती तार बाद. टोकाला जिथे तार नळीत दाबलेली असते तिथे गंजाचा तांबूस डाग किंवा केसाएवढी चीर दिसली तरी बाद. पिना जागच्या जागी धरणाऱ्या छोट्या स्प्लिट पिना दरवर्षी नव्या घाला आणि वर टेप गुंडाळा, नाहीतर शीड तिथेच फाटतं. डोलकाठी पडते ती बहुतेकदा अशा चिल्लर पिनेपायी.

सामान मुंबईत दारूखान्यात मिळतं, मोडीत काढलेल्या जहाजांचं. शॅकल, दोर, पुल्या, नशीब असेल तर उत्तम प्रतीचं. नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटला. फक्त स्टेनलेस मागताना ३१६ मागा. ३०४ घरच्या कठड्याला ठीक, खाऱ्या पाण्यात त्याला डाग पडतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका, त्याने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू घालताना मध्ये ग्रीससारखं काहीतरी हवं, कारण खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा सुरुवात झाली.

लीना_मांडवा

मुलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी आठव्या वर्षापासून माझ्याबरोबर येते.

लाँचवर देतात ती जाड नारिंगी जॅकेटं छोट्या होडीत निरुपयोगी आहेत. बूमखालून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून) वाकता येत नाही, मग मूल ते काढून टाकतं. शिडाच्या होडीत दोन प्रकार चालतात. ५० न्यूटनची (न्यूटन म्हणजे तरंगत ठेवण्याच्या जोराचं माप) बॉयन्सी व्हेस्ट, जी अंगासरशी बसते म्हणून हालचाल करता येते, पण ती पोहता येणाऱ्यासाठी आहे. बेशुद्ध माणसाचं तोंड ती वर ठेवत नाही. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं, कॉलरवालं जॅकेट. नऊ वर्षांच्या मुलाला कॉलरवालंच घ्या, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. किनाऱ्यावर जॅकेटच्या खांद्याला धरून त्याला उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर माप मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठं घेण्याची आपली सवय इथे नको.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हापासून लाँचवर जॅकेटची सक्ती दिसते. स्वतःच्या होडीत सक्ती करणारं कोणी नसतं. तुम्ही दोघांनी घातलं नाही तर मुलगाही घालणार नाही.

आणि बाकी कसलीही मजा करण्याआधी, कमरेच्या वर पाणी असेल तिथे होडी मुद्दाम उलटवा. तिघांनी मिळून. सेंटरबोर्डवर कोण चढणार, मुलाने कुठे धरून थांबायचं, हे एकदा हसतखेळत झालं की भीती जाते.

वाडीतला_वारा

लीनाताई, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली आधी उलटवायचं, मगच मी बसणार. तिचं बरोबर आहे.

सोलेंटकाठचा

लीनाताईंच्या मुद्द्याला जोड. मी साउथॅम्प्टनला असतो, इथे जुन्या एंटरप्राइज अजून ढिगाने आहेत. १९५६ सालचं डिझाइन, जॅक होल्टचं. होडी चपळ आहे, पण उलटून सरळ केल्यावर पोटात भरपूर पाणी घेऊन उठते. एक मोठी बादली दोरीने बांधलेली असू द्या, तळाचे बेलर (होडी वेगात असताना पाणी बाहेर ओढणाऱ्या झडपा) चालू लागेपर्यंत तीच कामाला येते.

इथे भीती गार पाण्याची. तुमच्याकडे ती नाही, पण उथळ चिखल आहे. होडी पूर्ण उपडी झाली तर डोलकाठीचं टोक तळच्या चिखलात रुततं आणि मग दोन माणसांना ती सरळ होत नाही. टोकाला बंद झाकणाची रिकामी प्लास्टिकची मोठी बाटली बांधा. दिसायला गावठी, पण होडी बाजूवर पडून राहते, उपडी होत नाही.

तांडेलाचा_पोर

बाटलीची कल्पना झकास. आता दर्याचं गणित सांगतो, कारण कुठला रविवार निवडायचा हे त्यावर ठरतं.

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, साधारण. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला.

आता बघा. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवशी तुम्ही बाराला ऐटीत होडी उतरवाल, पाणी पायाशी आलेलं असेल. खाऱ्या वाऱ्यावर मस्त फिराल. साडेपाचला परत याल तेव्हा पाणी खूप मागे गेलेलं, मध्ये चिखल आणि खडक उघडे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात ती हीच ओहोटी. तिघांनी मिळून होडी चिखलातून ओढायची, अंधार पडत आलेला, मुलगा रडतोय.

म्हणून अष्टमी ते दशमीचा रविवार बघा. भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. दुपारी बाराला ओहोटी खरी, पण भांगाची, पाणी फार मागे जात नाही. आणि सहाला भरती, होडी थेट वाळूपर्यंत येते. भांगाला प्रवाहही मंद. उधाणात खांदेरी-थळच्या मध्ये प्रवाह एवढा असतो की हलक्या वाऱ्यात तुमची होडी नाळ (पुढचं टोक) खांदेरीकडे करून मागे मागे जाईल.

हिशेबनीस

हे सगळं मोबाइलवर मिळतं की, मिनिटासकट. पंचांग कशाला?

तांडेलाचा_पोर

मोबाइल बघाच. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं निघतात तीही बघा. पाऊणपटीचा हिशेब तासाभराने चुकू शकतो. पण कॅलेंडरवर नजर टाकून पुढच्या तीन महिन्यांतले चांगले रविवार एका दमात सांगता येतात. मोबाइल ओला झाला तरी तिथी पाठ असते.

सोलेंटकाठचा

हा अष्टमीचा मुद्दा लाखमोलाचा आहे. भरतीवरून नांगराचं आठवलं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. दोन मीटर पाण्यात नांगर टाकून ‘पाचपट दोर, दहा मीटर पुरे’ असा हिशेब केला, तर भरतीला खोली सहा मीटर होते आणि तोच दोर दीडपट उरतो. नांगर सुटतो. हिशेब भरतीच्या खोलीवर करायचा: सहा पंचे तीस मीटर. दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जाऊन झटका खातो. पुढे दोन-तीन मीटर साखळी, म्हणजे नांगर आडवा पडून रुततो. बाजारातला चार दातांचा घडीचा नांगर खडकात अडकतो, चिखलात नुसता घसटत जातो. चिखल-वाळूसाठी रुंद पात्यांचा डॅनफोर्थ.

तांडेलाचा_पोर

नांगर टाकायची वेळ आलीच तर डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांब. आणि शेजारधर्माचं सांगतो, रागावू नका. किनाऱ्यावर होडी ठेवायच्या आधी गावच्या मच्छीमार सोसायटीत जाऊन भेटा. कुठे आमच्या होड्या ओढतात, कुठे जाळी सुकतात, ते विचारा. तरंगणारे बोये दिसले की त्यांच्यामधून जाऊ नका, खाली दोर असतो. तुमचा सेंटरबोर्ड आणि सुकाणू त्यात अडकेल आणि आमचं जाळं फाटेल. सेंटरबोर्ड वर घेऊन, प्रवाहाच्या खालच्या बाजूने वळसा घाला. ओळख असली की अडचणीत आमचाच कोणीतरी दोर टाकून ओढून आणतो, हेही आहे.

२६/११ नंतर अनोळखी होडी दिसली की चौकशी होणारच. सागरी पोलिसांना आधी सांगून ठेवा, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. नोंदणीचं काय लागेल ते मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात होडीचं माप आणि फोटो घेऊन जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका.

लीना_मांडवा

फोनमध्ये दोन नंबर आत्ताच साठवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. फोन जलरोधक पाकिटात, आणि पाकीट अंगाला बांधलेलं, होडीला नाही. किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघायचं, ‘साडेपाचपर्यंत आलो नाही तर फोन कर, सहाला उचलला नाही तर १५५४’. मामा असतील ना वाडीत? त्यांना हे काम द्या, ते आनंदाने करतील. आणि पाणी माणशी दोन लिटर. उन्हात शीड ओढताना तहान लागल्याचं कळत नाही, डोकं दुखायला लागल्यावर कळतं.

खांदेरीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी नको.

पवनाकाठ

मी धरणाच्या पाण्यात शीड चालवणारा, समुद्राचं ज्ञान शून्य, पण होडी पावसाळ्यात ठेवण्याबद्दल बोलू शकतो.

ताडपत्री होडीला चिकटवून घट्ट बांधली असेल तर आजच सोडा. आत वाफ कोंडते आणि बाहेरच्या पावसापेक्षा तीच जास्त कुजवते. होडी उपडी करा, दोन लाकडी घोड्यांवर किंवा जुन्या टायरांवर, जमिनीपासून हातभर वर. ताडपत्री वरून आढ्यासारखी ताणा, दोन्ही टोकांनी वारा खेळू द्या. टाक्यांची झाकणं उघडी. आणि वर बघा. वाडीत म्हणताय म्हणजे नारळाची झाडं असणार. झावळी पडली तर ताडपत्री फाटेल, नारळ पडला तर प्लायला भोक. जागा बदला.

शिडं गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, गुंडाळून घरात. घडी घालू नका, घडीवर कापड मोडतं. साबण नको. वाडीतल्या खोपटात ठेवलीत तर उंदीर घरटं करतील. आमच्या तळ्यावर एका मोसमात एकाची जिब (पुढचं छोटं शीड) उंदरांनी अशी कुरतडली होती की तिचा फक्त हिशेबनिसांना उपयोग झाला असता, पोतं म्हणून.

हिशेबनीस

चालेल. धुऊन पाठवा.

मांडवीतीर

इंजिनचं कोणी विचारलं नाही, पण पुढे मोह होईलच. एंटरप्राइजला वल्ही पुरेत. लावलंच तर दोन-अडीच एचपीचं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे पावसाळ्याआधी कार्ब्युरेटर रिकामा केला नाही तर आत चिकटा होतो, टाकीतलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. दर वेळी परतल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवायचं. नाहीतर वल्ही. वल्ह्यांना देखभाल नाही.

वाडीतला_वारा

सगळ्यांचे आभार. काल वाडीत जाऊन आलो. होडी नारळाखालून काढून आंब्याखाली घेतली (मामा म्हणाले आंबा आता संपला, काही पडत नाही). पेचकसाने दाबून पाहिलं. ट्रान्सम चांगला आहे, सेंटरबोर्डच्या पेटीपाशी डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग मऊ लागतोय. तो खरवडून उघडा ठेवलाय, एपॉक्सी ऑक्टोबरात. एका तारेच्या टोकाला तांबूस डाग आहे, दोन्ही बाजूंच्या तारा बदलतोय.

मुहूर्त ठरला: भाऊबीजेनंतर कार्तिक शुद्ध अष्टमीच्या जवळचा रविवार. आधी उलटवण्याचा तास, मग फक्त किनाऱ्याला समांतर चक्कर. तांडेलदादा, त्या आठवड्यात सोसायटीत भेटायला येतो.

एकच राहिलं. ट्रॉलीची चाकं स्कूटरची आहेत, कोरड्या वाळूत रुततात. वाडीपासून पाण्यापर्यंत बराच पल्ला आहे. काय करू?

सिंधुसागर

हवा निम्मी करा, टायर पसरतो आणि वाळूवर चालतो. पाण्यातून काढल्यावर बेअरिंगवर गोडं पाणी मारून ग्रीस भरा, नाहीतर मोसम संपायच्या आत जाम होतील. आणि ट्रॉली ओढताना होडीचा तोल चाकांच्या थोडा पुढे हवा, म्हणजे हातात हलकं वजन राहतं. मागे गेला तर वाळूत चढ आल्यावर दांडा वर उसळेल.

तांडेलाचा_पोर

या सोसायटीत. दुपारी तीननंतर या, सकाळी सगळे बंदरावर असतात. आणि ट्रॉली ओढायला चार पोरं मिळतील, त्यांना फक्त नंतर एक चक्कर मारून आणा.